किन्नोसुके आणि सोसेकी

ग्रंथकाराच्या नांवाचा अर्थ कोशांत पाहून त्यावरून त्याचा स्वभाव ठरविण्याची खोड टीकाकारांना जुनीच आहे. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांच्या बाबतींत ती विशेष फसवी ठरते.

त्यांचें जन्मनांव किन्नोसुके. 'किन्' म्हणजे सोनें. अखेरचें 'सुके' पुरुषांच्या पुष्कळ नांवांत येतें व त्याचा मूळ अर्थ साहाय्य. यावरून आईबापांच्या वात्सल्याचें कौतुक करूं गेल्यास आपण फसूं. जुन्या पंचांगाच्या साठ दिवसांच्या चक्रांत 'कोशिन' नांवाचा एक दिवस येतो. त्या दिवशीं जन्मलेलें मूल पुढें अट्टल चोर निपजतें, मात्र नांवांत सोन्याचें अक्षर घातल्यास अरिष्ट टळतें, अशी लोकसमजूत होती. ९ फेब्रुवारी १८६७ रोजीं एदो शहरांत जन्मलेल्या या मुलाच्या वांट्याला तोच दिवस आला. तेव्हां या सोन्याच्या मुळाशीं हौस नसून भीति आहे. आणि घरच्यांनीं हें 'सोनें' लवकरच दुसऱ्यास दत्तकहि देऊन टाकलें.

'सोसेकी' म्हणजे दगडानें चूळ भरणें. तिसऱ्या शतकांतील सुन छू या चिनी विद्वानाला अरण्यवासाचें वर्णन करावयाचें होतें. 'दगडाची उशी करावी, ओढ्याच्या पाण्यानें चूळ भरावी' असें म्हणण्याऐवजीं, 'दगडानें चूळ भरावी, ओढ्याची उशी करावी' असें तो बोलून गेला. चूक दाखवितांच त्यानें उत्तर दिलें कीं, ओढा कान धुण्यासाठीं आणि दगड दांत घासण्यासाठीं! १८८९ सालीं मित्र मासाओका शिकी यांच्या लेखसंग्रहावर अभिप्राय लिहितांना नात्सुमे यांनीं हें नांव घेतलें. शिकींच्या अनेक टोपणनांवांतहि तें होतें.

'सोसेकी म्हणजे हटवादी' एवढेंच आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें सांगत आलों. आज तें अपुरें वाटतें. हटवादी मनुष्य आपल्या चुकीला चूक म्हणत नाहीं. येथें तर ती चूकच नांव म्हणून मिरविली आहे. ज्याला स्वतःच्या पांडित्याला हंसतां येतें, त्यालाच हें सुचावें. १९११ मध्यें सरकारनें दिलेली डॉक्टरची पदवी त्यांनीं परत केली व आजवर साधा नात्सुमे म्हणून जगलों तसाच पुढेंहि जगूं इच्छितों, असें कळविलें. यांत हट्ट आहे खरा; पण तो मोठें नांव मिळविण्याचा नव्हे, नाकारण्याचा.

१९०५-०६ मध्यें 'होतोतोगिसु' मासिकांत आलेल्या 'मी मांजर आहे' या त्यांच्या कादंबरीकडे या दृष्टीनें पाहावें. मास्तराच्या व त्याच्या विद्वान मित्रांच्या फजितीची कथा सांगणाऱ्या त्या बोक्याला अखेरपर्यंत नांव मिळत नाहीं. एक नांव इतरांच्या भीतीचें, दुसरें एका प्राचीन चुकीचें, अशीं दोन नांवें वागविणाऱ्या लेखकानें मनुष्यांची परीक्षा निनांवी प्राण्याकडे सोंपवावी, हें आम्हांस केवळ विनोदाचें वाटत नाहीं.

म्हणून नांवाच्या अर्थाबरोबरच तें कोणीं, कोणत्या प्रसंगीं ठेविलें, हेंहि विचारावें. एरव्हीं आपण सोन्याला माया समजूं आणि दगडाला नुसता हट्ट.