रिपोर्ट आला, आता पुढे?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत संध्याकाळी कुठल्याही इमारतीचा जिना चढा, दोन-तीन दारांआडून तरी ‘ठरलं तर मग’चे संवाद कानावर येतील. डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली ही मालिका घराघरांत पोचली ती एका प्रश्नाच्या बळावर. आश्रमात वाढलेली सायली हीच किल्लेदारांची हरवलेली तन्वी, हे घरच्यांना कळणार कधी? प्रेक्षकाला ते ठाऊक असतं; तन्वी म्हणून घरात शिरलेली प्रिया तोतया आहे, हेही ठाऊक असतं. कथेचा गाभा तमिळ ‘रोजा’वरून आलेला, तरी आपल्या बायाबापड्यांनी सायलीला आपलं मानलं आहे. त्यांच्या त्या जीव लावण्याला मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण लिहिणाऱ्यांशी आहे.

‘रंग माझा वेगळा’ या मालिकेत कार्तिक स्वतः डॉक्टर, तरी बायकोच्या पोटातलं मूल आपलं नाही असं धरून बसतो, आणि हा संशय वर्षानुवर्षं पुरवला जातो. ‘रात्रीस खेळ चाले’त कोकणातल्या नाईकांच्या वाड्यावर अण्णांची अनौरस मुलगी हक्क सांगत येते. त्या मालिकेत निदान जमिनीचा वाटा, गावाची कुजबुज, अण्णांच्या बायकोचा, माईंचा कोंडमारा असं सगळं खरं होतं. एरवी मालिकांत रक्ताचं नातं म्हणजे फक्त डीएनए रिपोर्टचं एक पाकीट. ते फुटेपर्यंत ताणायचं, फुटल्यावर सगळ्यांनी रडायचं आणि नवा खलनायक आणायचा. रहस्य कळल्यावर माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, हे कुणी लिहीतच नाही.

मराठीला हे जमत नाही असं मात्र नाही. १९६७ हे एकच वर्ष बघा. कुंतीने लपवलेल्या मुलाला शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये बोलतं केलं. त्याच वर्षी ‘युगान्त’मध्ये इरावती कर्व्यांनी त्याहून अवघड प्रश्न विचारला: धर्मराजाचा बाप विदुर तर नव्हे? मरताना विदुर योगबळाने धर्माच्या देहात शिरतो. बापाने मुलाला आपलं सर्वस्व सोपवण्याच्या जुन्या विधीशी इरावतीबाई या प्रसंगाची सांगड घालतात. माझ्या मते मराठीतला हा सर्वांत उत्तम कौटुंबिक रहस्यशोध आहे. कारण उत्तर ‘होय’ आलं, तर सूताच्या मुलाला गादीवर हक्क कसला, हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो.

दुसरं उदाहरण महेश मांजरेकरांच्या ‘अस्तित्व’चं (२०००). वारलेल्या संगीतशिक्षकाने आपली मालमत्ता अदितीच्या नावे केल्याचं कळतं. तिचा नवरा श्रीकांत जुन्या डायऱ्या काढतो, तारखा लावतो आणि मुलगा आपला नाही हे त्याच्या लक्षात येतं. रक्ततपासणी नाही, लॅब नाही. स्वतःच्याच हस्ताक्षरातल्या नोंदी बोलतात. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ हेच विचारत असे. लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानायचं. गर्भ राहिला त्या काळात दोघं एकत्र येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध झालं तरच अपवाद. श्रीकांत घरच्या घरी तो अपवाद सिद्ध करतो. पण उलगडा मध्येच उरकतो आणि खरा सिनेमा नंतर सुरू होतो. अदिती सगळ्यांसमोर नवऱ्याला त्याच्या बाहेरच्या संबंधांचा जाब विचारते आणि घर सोडते. अदिती झालेल्या तबूचं ते बोलणं आजही अंगावर येतं.

प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’त (१९९१) तर रहस्यच ठेवलेलं नाही. आई विवाहित पुरुषाबरोबर राहिली, तीन मुली झाल्या, हे उघड आहे. तरी नाटक क्षणभर सैल पडत नाही. बाहेर पाहायचं तर कोरे-एडा या जपानी दिग्दर्शकाचा ‘लाइक फादर, लाइक सन’ (२०१३) पाहा. इस्पितळात मुलांची अदलाबदल झाल्याचं सुरुवातीलाच कळतं. सहा वर्षं वाढवलेलं मूल परत द्यायचं का, यावर उरलेला सिनेमा उभा आहे.

न्यायालयंही आपल्या मालिकांच्या पुढे गेली आहेत. पुण्यातल्या एका दांपत्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलाची डीएनए चाचणी नाकारली. आईबापांच्या भांडणात मुलाच्या औरसपणावर ऊठसूट प्रश्नचिन्ह लावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. मालिकेत मात्र उशीवरचा केस उचलून लॅबला धाडतात आणि ज्याची चाचणी होते त्या पोराला कुणी विचारत नाही.

नायगाव-वसई परिसरात मालिकांचे सेट उभे राहतात, पण रहस्य घडतं ते गोल जिन्याच्या बंगल्यात. बघणारे राहतात वन-बीएचकेत. इथली रहस्यं सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवर फुटतात: वडील वारल्यावर फाइल उघडली, तर नॉमिनी म्हणून भलतंच नाव. दत्तक मुलाच्या पासपोर्टच्या वेळी, सरोगसीच्या कागदांत, रक्तगट जुळेनासा झाल्यावर. समृद्धी पोरे यांनी ‘मला आई व्हायचंय!’मध्ये विदर्भातली सरोगेट आई पडद्यावर आणली, त्याला दशक उलटून गेलं. ती वाट पुढे कुणी फारशी चालवली नाही.

लेखकांनो, तुमचा रिपोर्ट पहिल्याच भागात फोडा. पुढचे तीनशे भाग त्या घरात माणसं कशी राहतात ते दाखवा. आम्ही बघू.