लोकाग्रहास्तव

धरणगावच्या आमच्या जुन्या घरात पत्र्याच्या पेटीच्या तळाशी एक गुलाबी हस्तपत्रक सापडले. कंपनीचे नाव व तारीख वाळवीने खाल्लेली. उरले होते ते केस मोकळे सोडलेल्या बाईचे चित्र, तिच्या हातातला खंजीर आणि ठळक टाइपातली काही अक्षरे.

ज्या गावी १८९० साली बालकवी जन्मले, तेथे असला भडक कागद कोणी जपावा, याची प्रथम मला लाजच वाटली. चित्र तर वाईटच आहे. बाईची मान खांद्यावर बसलेली नाही. पण तिने खंजीर कोणावर उगारला आहे, हे चित्रकाराने दाखवलेले नाही. बाजारच्या दिवशी निरक्षर माणसालाही खंजीर कळतो; मरणार कोण, हे कळायला मात्र तिकीट काढावे लागते. एवढी जाण पुष्कळ नाटककारांनाही नसते! एक लबाडी मात्र आहे. वर ‘फक्त एकच प्रयोग’ आणि खाली ‘लोकाग्रहास्तव’. पहिलाच प्रयोग व्हायचा असता लोकांनी आग्रह केला केव्हा?

आपण अशा आरडाओरड्याला हसतो. ‘राणा भीमदेव’ या नाटकावरून ‘राणा भीमदेवी थाट’ हा शब्दप्रयोग आला, तोही थट्टेचाच. परंतु जाहिरातीतला भडकपणा आणि नाटकातला दाह एक नव्हे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. नावावरून पाहावे तर महाभारतातली जुनीच कथा. प्रेक्षकांनी मात्र कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. तेथे खंजीर छापावा लागला नाही. उलट १९६२ च्या अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चे नावच अर्धी जाहिरात आहे : नाकारतो आहे कोण, आणि काय? पण पणशीकरांचा लखोबा लोखंडे ते कुतूहल शेवटपर्यंत पेलतो, म्हणून त्या नावाला मी लबाडी म्हणणार नाही.

आमच्या पत्रकातल्या बाईने आपला शब्द पाळला की नाही, ते आता कोण सांगणार? कागद उलटला, तर मागे आजोबांच्या मोडी अक्षरात कपाशीचा हिशेब. शेवटची नोंद दोन तिकिटांची.

आजी जन्मात कधी नाटकाला गेली नाही, असे आमच्या घरात सांगत.