फुसक्या बाराचं शास्त्र

चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ जेवण झाल्यावर गॅरेजचं दार लोटून घेतो आणि आतून थोड्या थोड्या वेळानं ‘फट्’ असा आवाज येतो, हे काही चांगलं लक्षण नव्हे. डॅलसला भाच्याकडे उतरलो त्याच रात्री मी सूनबाईला भीतभीत विचारलं. भांडी लावता लावता ती म्हणाली, “बंदुकीचं चाललंय.” अमेरिकेत बंदूक या शब्दाला जे वजन आहे ते ध्यानात घेऊन मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तेव्हा तिनं पुढचं वाक्य बोलण्याची कृपा केली. “फोमची आहे हो मामा. नर्फ.”

या नर्फचा इतिहास मोठा सात्त्विक आहे. 1970 साली पार्कर ब्रदर्स कंपनीनं फोमचा एक चेंडू बाजारात आणला. कल्पना रेन गायर यांची. घरात खेळा, दिवे फुटणार नाहीत, काचा तडकणार नाहीत, तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना लागणार नाही, अशी जाहिरातीत हमी होती. म्हाताऱ्यांचा इतका स्पष्ट विचार करणारी दुसरी जाहिरात माझ्या पाहण्यात नाही. पुढे 1989 साली फोमचे गोळे उडवणारी बंदूक आली आणि 1992 साली बोटाएवढा बाण उडवणारी. व्हिडिओ गेमवाल्या पोरांनी या नावाचं चक्क क्रियापद केलं. एखादं हत्यार फारच भारी ठरलं आणि कंपनीनं त्याची धार उतरवली, की ते ‘नर्फ’ झालं. थोडक्यात, निरुपद्रवीपणा हाच या वस्तूचा धर्म.

आणि आमचे चिरंजीव रोज रात्री तिचं धर्मांतर करत होते!

एक सांगतो, गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि मी विरघळलो. बत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस मी. टेबलावर बंदूक उभी चिरून ठेवलेली, बारीक स्क्रू वाट्यांमध्ये (त्यातली एक वाटी मी सूनबाईच्या लग्नात दिलेली), आणि मधोमध तो दट्ट्या, नळकांडं, स्प्रिंग. स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवा रेटते, हवा बाणाला ढकलते. सायकलचा पंपच, फक्त घाईत असलेला. दुसरी जात बॅटरीवर चालणारी. तिच्यात दोन चाकं समोरासमोर गरगरतात आणि उसाच्या चरकासारखी बाणाला चिमटीत धरून पुढे फेकतात. भाचा म्हणाला, “मामा, कंपनीनं नळीत मुद्दाम ही झडप बसवलीय. ही आधी काढून टाकायची.” आमच्या लहानपणी गजराचं घड्याळ पुन्हा जोडल्यावर एखादा भाग उरला तर वडील फोडून काढीत. इथे भाग उरणं ही प्रगती!

इथवर माझी काहीच तक्रार नाही. हल्ली वस्तू उघडतच नाहीत. टेलिफोन उघडत नाही, रेडिओ उघडत नाही. अशा काळात दिवसभर पडद्यावरची अक्षरं हलवणारा माणूस रात्री हाताला वंगण लावून घेतो, यात मला आरोग्य दिसतं.

तक्रार पुढेच आहे. ती वेगाची. दुकानातून आणलेली बंदूक सेकंदाला साधारण 70 फूट वेगानं बाण टाकते. भाच्यानं जाड स्प्रिंग घालून तो 210 वर नेला होता, आणि वेग मोजायचं यंत्रही घेतलं होतं. पण इतक्या वेगात लांब बाण शेपूट हलवत भलतीकडेच जातो. म्हणून निम्म्या लांबीचे बाण आणले. ते जुन्या मॅगझिनमध्ये बसेनात, म्हणून नवं मॅगझिन. जाड स्प्रिंगनं प्लॅस्टिक तडकलं, म्हणून त्रिमिती छपाईचं यंत्र घरात आलं आणि भाग घरीच छापायला लागले. लंगोटी उंदरांपासून वाचवायला मांजर आणि मांजराच्या दुधासाठी गाय घेणाऱ्या संन्याशाचा हा संगणकयुगातला वंशज.

आता हिशेब बघा. वेग तिप्पट झाला की मार तिप्पट होत नाही, नऊपट होतो. नववीचं पुस्तक आहे, माझं मत नव्हे. 2017 साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असा बाण लागून डोळ्यात रक्त उतरलेले तीन रुग्ण नोंदवले. त्यातले दोघे चांगले वाढलेले प्रौढ होते. भाच्याचं मंडळ चष्म्याशिवाय कुणाला मैदानात उभं करत नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. पण घरात चष्मा कोण लावतो?

मी विचारलं, “पोरगी खेळते का तुझ्याबरोबर?”

तो यंत्राचा आकडा पुसत बसला. उत्तर दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या तिनंच दिलं. “आधी खेळायचो. आता बाबांचं लागतं, मामाआजोबा. आणि ते सॉरी म्हणतात, पण आधी नंबर बघतात.”

वस्तूवर यापेक्षा नेमकी टीका मला लिहिता येणार नाही.

गंमत पुढेच झाली. रविवारी मंडळाच्या खेळाला मीही गेलो. दाराशीच वेग मोजतात. मर्यादा कुठे 130 असते, कुठे 150, इथे 130. भाच्याची बंदूक नापास. मग एवढा मोठा इंजिनियर गाडीच्या डिकीत वाकून घामाघूम होत जाड स्प्रिंग काढतोय आणि पातळ घालतोय, हे दृश्य मी फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून पाहिलं. म्हणजे आधी पैसे घालून ताकद वाढवायची आणि मग पुन्हा खटपट करून ती नर्फ करायची!

परतताना तो फारसा बोलला नाही. संध्याकाळी मात्र पोरगी अडगळीतून सहा बाणांचं जुनं निळं पिस्तूल घेऊन आली. त्यात काहीच काढलेलं नाही, काहीच घातलेलं नाही. एक बाण माझ्या नाकावर बसला. मी पन्नास वर्षांपूर्वीच्या नाट्यस्पर्धेतला अनुभव पणाला लावून सोफ्यावर मेलो. सोफ्यामागून भाच्याचा आवाज आला, “मामा, सरका जरा. तिकडून येतेय ती.”

“मी मेलोय,” मी म्हटलं.

“मग बोलू नका.”