मुळशीत जमीन कोणाची आणि सही कोणाची? राजेंद्र व्होरांचं पुस्तक वाचताना

आंदोलनावर संशोधन करायचं ठरवलं की विद्यार्थी बहुतेक वेळा आधी गर्दी मोजतात. किती हजार लोक आले, किती गावं सामील होती, किती जणांना अटक झाली. आकडे हाताशी असले की बरं वाटतं. माझ्यासारख्या एमएस्सी करून आलेल्यांना तर जरा जास्तच बरं वाटतं. पण सरकार जमीन घेतंय म्हणून लोक जमले असतील, तर गर्दीचा आकडा फार कमी सांगतो. जमीन कागदावर कोणाच्या नावे आहे? ती कसतं कोण? आणि सरकारशी बोलायला आत जाणार कोण? हे तिन्ही एकच लोक आहेत, असं आपण न तपासताच धरून चालतो.

हा प्रश्न नीट विचारणारं पुस्तक म्हणजे राजेंद्र व्होरांचा मुळशी सत्याग्रहाचा अभ्यास. व्होरा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. हा अभ्यास आधी मराठीत आला. इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आलं. त्याचं इंग्रजी शीर्षक या लढ्याला ‘जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन’ म्हणतं. पुस्तक मला फार आवडतं. शीर्षकाशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते नुसतं शब्दांचं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, असा मार्ग धरला. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, भिऱ्याचं १९२७ मध्ये. भिऱ्याला पाणी मिळतं ते मुळशीच्या धरणातून. म्हणजे मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती आणि वीज जाणार होती मुंबईला.

जमीन कंपनीला हवी होती, पण घेऊन देणार होतं सरकार, १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचा एक वेगळा भागच आहे. खासगी कंपनीसाठी सरकारने लोकांची खासगी मालमत्ता घ्यायची, हा वाद आज रोज कानावर पडतो. आपल्याकडे तो इतका जुना आहे.

आखणी कशी होती

सत्याग्रह सुरू झाला १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी. साधारण १२०० लोक जमले, असं सांगितलं जातं. पुढारी पुण्याकडचे: पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे आणि टिळकांच्या परंपरेतली बरीच मंडळी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यात मिळालं.

आखणी म्हणून बघितलं तर यात दोन निर्णय ठळक आहेत. पहिला तारखेचा. रामनवमीला लोक गोळा करायला वेगळं निमंत्रण लागत नाही, आणि उन्हाळ्यात भाताची कामं अंगावर नसतात. दुसरा जागेचा. लोक जमले ते धरणाच्या कामावर. पुण्यात सभा झाली असती तर वर्तमानपत्रात बातमी आली असती. कामावर बसल्यामुळे कामच थांबलं.

परिणामही दिसला. कंपनीने सहा महिने काम थांबवायचं मान्य केलं. पण इथे कॅलेंडर उघडा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून सहा महिने म्हणजे अख्खा पावसाळा आला. मावळातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको की त्या दिवसांत तिथे पायाचं काम असंही किती चाललं असतं. हा माझा तर्क आहे, पुस्तकाचा दावा नाही. पण ‘आंदोलनाला यश आलं’ असं लिहिण्याआधी समोरच्याने नेमकं काय सोडलं, ते मोजायला हवं. पावसाळ्यानंतर काम पुन्हा सुरू व्हायची वेळ आली, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला, अटका झाल्या. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी कामावरची गाडी अडवली, त्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच.

व्होरांचा खरा शोध

आता पुस्तकाचा गाभा. व्होरा मुळशीकडे ‘सरकार आणि कंपनी एका बाजूला, जनता दुसऱ्या बाजूला’ असं बघत नाहीत. ‘जनता’ हा शब्दच ते उघडून दाखवतात. पेट्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी सावकारांकडे गेलेल्या होत्या. हे सावकार आणि जमीनमालक बरेचसे पुण्याचे, ब्राह्मण. जमीन कसणारा मावळा मात्र तिथलाच. जमीन गेली तर सावकाराला पैसे मिळणार होते, कसणाऱ्याचं पोट जाणार होतं. त्यामुळे एकाला प्रश्न ‘किती देणार?’ असा पडला आणि दुसऱ्याला ‘देणारच नाही’ हेच म्हणायचं होतं. सुरुवातीला दोघं एकाच मांडवात बसले. मोबदला वाढायची चिन्हं दिसली तसा मांडव दुभंगला.

त्यात आणखी एक पेच होता. टाटांचा उद्योग स्वदेशी. परकीय भांडवलाविरुद्ध बोलायची सवय असलेल्या पुढाऱ्यांना इथे देशी भांडवलाविरुद्ध बोलायचं होतं. गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त मुळशीवर लिहिलं, तेही टाटांना आवाहन म्हणून: कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोला, असा त्याचा रोख होता.

संशोधनाच्या दृष्टीने व्होरांनी केलेली गोष्ट साधी पण अवघड आहे. त्यांनी अभ्यासाचं एकक बदललं. ‘आंदोलन’ हे एकक धरलं असतं तर उत्तर आलं असतं ‘हरलं’. त्यांनी आंदोलनाच्या आतले गट धरले. मग दिसतं की सगळे सारखे हरले नाहीत.

हा निष्कर्ष कितपत टिकतो?

आता जरा लॅबमधली सवय वापरू. पुढाऱ्यांच्या आर्थिक हितसंबंधांमुळे लढा सैल झाला, हे खरं असेल तर ज्यांचे हितसंबंध मुळशीत नव्हते ते शेवटपर्यंत टिकायला हवेत. बापट मूळचे पारनेरचे. ते टिकले, तुरुंगात गेले, परत आले, परत गेले. इथपर्यंत निष्कर्षाला आधार मिळतो.

पण दुसरं कारण त्याच वेळी तिथे हजर आहे. चौरीचौरानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी देशभरची असहकार चळवळ मागे घेतली. म्हणजे मुळशीचा दुसरा टप्पा चालू असतानाच सगळीकडचा जोर ओसरला. मग पुढारी मागे सरले ते सावकारीमुळे, की देशातली हवा बदलली म्हणून? एकाच घटनेतून ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी तुलनेला दुसरं ठिकाण लागतं, जिथे पुढारी शेतकऱ्यांमधलेच आहेत. व्होरांचा वर्गहिताचा मुद्दा मला पटतो, पण तो जितका ठाम वाटतो तितका पुरावा एकट्या मुळशीतून निघत नाही.

दुसरी अडचण साधनांची. मावळ्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते ‘केसरी’तून, सरकारी दफ्तरातून, नाहीतर पुढाऱ्यांच्या लेखनातून. ज्या पुढाऱ्यांच्या हेतूंवर प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांतून कसणाऱ्याचा आवाज ऐकायचा. व्होरांचा इलाज नव्हता. आपण मात्र वाचताना हे विसरता कामा नये.

कायद्याचं एक रिकामं कलम

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पुढारी मोबदल्याकडे का झुकले, याचं उत्तर फक्त त्यांच्या खिशात शोधायचं कारण नाही. ते कायद्यातही आहे, आणि त्याला जास्त वजन द्यायला हवं.

१८९४ चा मूळ कायदा वाचा. अधिसूचना निघाल्यावर जमिनीची मोजणी, हक्क, मोबदला यांवर शेतकऱ्याला बोलता येत होतं. मोबदला कमी वाटला तर कोर्टात जाता येत होतं. पण ‘हे काम सार्वजनिक हिताचंच नाही, माझी जमीन घेऊ नका’ हे कायद्याने ऐकून घ्यायची सोयच नव्हती. ती सोय, म्हणजे हरकत नोंदवायचं कलम ५-अ, आली १९२३ च्या दुरुस्तीने. मुळशीचा पहिला सत्याग्रह १९२१ चा.

म्हणजे त्या वेळी ‘किती?’ या प्रश्नाला कचेरी होती, अर्ज होता, तारीख होती. ‘नाही’ या उत्तराला यातलं काहीच नव्हतं. ते म्हणायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे कामावर जाऊन बसणं. अशा कायद्यात प्रामाणिक वकीलसुद्धा अशिलाला मोबदल्याकडेच नेणार, कारण दार तेवढंच उघडं आहे. सावकाराचं हित आणि कायद्याची रचना एकाच दिशेला ढकलत होती. नुसती माणसं बघितली तर यातलं निम्मंच दिसतं.

मग शीर्षक का खटकतं?

‘धरणविरोधी’ हा शब्द आज आपल्या डोळ्यांसमोर नर्मदा आणतो: मोठी धरणं हवीत का, विकास कोणाचा, पर्यावरणाचं काय. मुळशीच्या कसणाऱ्याचा मुद्दा त्याच्या जमिनीचा होता. धरण दुसरीकडे झालं असतं तर तो त्याविरुद्ध उठला असता का, हे सांगायला आपल्याकडे काही नाही. पुस्तक सांगतं की मांडवात दोन वेगवेगळी भांडणं होती. शीर्षक सांगतं की एकच होतं, आणि तेही धरणाशी. पुस्तकाचा सगळ्यात चांगला शोध मुखपृष्ठावरच झाकला जातो.

या शिक्क्याची किंमत आजही कोणीतरी मोजतं. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाला विरोध झाला, तेव्हा ‘विकासविरोधी’ हा शब्द लगेच तयार होता. अभ्यासकाने प्रेमाने लावलेला ‘धरणविरोधी’ आणि रागाने लावलेला ‘विकासविरोधी’ यांत एक साम्य आहे. दोन्हींत शेतकरी नेमकं काय मागत होता, ते ऐकू येत नाही.

तुलनेसाठी नवी मुंबई घ्या. सिडकोसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. तिथली मागणी शहर नको अशी नव्हती. शहरात आमचा वाटा द्या, अशी होती. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पुढारी तिथल्याच आगरी समाजातले होते. मुळशीचा मोर्चा आणि जासईचा मोर्चा फोटोत सारखे दिसतील. पण एक ‘नाही’ म्हणत होता आणि दुसरा ‘किती आणि कसं’ हे विचारत होता. मघाशी म्हटलेली तुलना इथून सुरू करता येईल.

तुमच्या प्रस्तावासाठी

जमीन-संपादनाविरुद्धच्या मोर्चावर काम करणार असाल तर गर्दी मोजण्याआधी चार कागद मिळवा. सभेचं निमंत्रण कोणाच्या नावाने निघालं. मागण्यांच्या निवेदनावर सह्या कोणाच्या आहेत. त्या नावांपैकी सातबाऱ्यावर किती आहेत. आणि त्या वर्षी कायदा लोकांना काय बोलू देत होता. २०१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के, ज्यांची जमीन जाते अशा बाधित कुटुंबांची संमती ठेवली, आणि एकूण बाधितांमध्ये कूळ आणि शेतमजूरही धरले. पण संपादन दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली होत असेल, तर हे तसंच्या तसं लागू असेलच असं नाही. म्हणून अधिसूचनेची पहिली ओळ वाचा, कोणत्या कायद्याखाली निघाली ते तिथेच लिहिलेलं असतं.

व्होरांचं पुस्तक जरूर वाचा, आणि शक्य असेल तर आधी मराठीतलं. कूळ, सावकार, पेटा हे शब्द तिथे आपापल्या जागी आहेत. वाचताना वहीत दोन रकाने करा: ‘किती?’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे. प्रत्येक पुढारी, प्रत्येक सभा, प्रत्येक ठराव कुठल्या रकान्यात जातो ते लिहीत जा. काही नावं मध्येच रकाना बदलतील. कोणत्या तारखेला बदलली तेही टिपून ठेवा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा त्या तारखांच्या आसपास सापडेल.