सध्या काय वाचताय?

मराठीत पुस्तकांवर बोलायला आज जेवढ्या जागा आहेत तेवढ्या पूर्वी कधीच नव्हत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचकांचे गट आहेत, फेसबुकवर समूह आहेत, इन्स्टाग्रामवर मुखपृष्ठांचे फोटो आहेत आणि यूट्यूबवर दहा मिनिटांत अख्खी कादंबरी उरकून देणारेही आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. पाचगणीजवळचं भिलार २०१७पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. पुण्यात २०२३पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो आणि तिथे चांगलीच गर्दी होते. तरीही चार वाचणारी माणसं जमली असताना कोणी ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं, तर मिळणारी उत्तरं बहुधा निराश करतात. एक तर ‘वेळच मिळत नाही हो’. नाही तर एखादं भारदस्त नाव आणि त्यापाठोपाठ ‘छान आहे, वाचाच’. विषय तिथेच मिटतो.

आपण हौसेनं काय वाचतो आहोत हे दुसऱ्याला सांगणं ही एक स्वतंत्र कला आहे. मराठीत तिचे पट्टीचे कलावंत होऊन गेले आहेत. आज मात्र तिचा पसारा वाढतो आहे आणि कस उतरतो आहे, असं माझं म्हणणं आहे.

ही कला समीक्षेहून वेगळी आहे. समीक्षक पुस्तक संपवून, बाजूला ठेवून बोलतो. पुस्तकाची परंपरेतली जागा ठरवणं हे त्याचं काम. सांगणारा वाचक अजून पुस्तकाच्या मध्यावर असतो. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं, आज भारून गेलेला तो उद्या वैतागूही शकतो. या अर्धवट अवस्थेतच त्याच्या बोलण्याची गंमत असते. त्याच्याकडून अपेक्षा दोनच. पुस्तकातली नेमकी जागा त्याला दाखवता यावी, आणि कंटाळा आला तर ‘कंटाळा आला’ असं म्हणण्याची हिंमत त्याच्यापाशी असावी. पहिली गोष्ट सरावानं जमते, दुसरीसाठी स्वभाव लागतो.

या कलेचा मराठीतला सर्वांत श्रीमंत नमुना पत्रांत सापडतो. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांच्यातला पत्रव्यवहार पाहा. जी.एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचाच आहे, आणि सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावानं २००३मध्ये पुस्तकरूपात आली. लौकिकाचे तपशील त्यांत आहेत, पण पत्रांचा जीव पुस्तकांत आहे. एकानं काही वाचायचं, त्यावर दुसऱ्यापाशी मन मोकळं करायचं, दुसऱ्यानं मान डोलवायची किंवा हरकत घ्यायची. नावाजलेल्या लेखकाविषयीही जी.ए. तिरकस बोलतात, आणि आवडलेल्याविषयी बोलताना संकोचत नाहीत. हे सगळं एकाच माणसासाठी लिहिलेलं असल्यानं त्यात पवित्रा कमी आहे. छापील समीक्षेत सहसा न सापडणारी मोकळीक तिथे आहे.

जाहीर लेखनात ही कला आणणाऱ्यांत गोविंद तळवलकरांचं नाव आधी घ्यावं लागेल. दैनिकाच्या संपादकाचा व्याप सांभाळून ते इंग्रजी ग्रंथांवर सातत्यानं लिहीत, आणि ‘वाचता वाचता’च्या खंडांत ते लेखन जमा झालं. परदेशी ग्रंथ तालुक्याच्या गावी बघायलाही मिळत नसत, त्या काळात त्यांनी कित्येक वाचकांना जगाची खिडकी उघडून दिली. मर्यादा एकच वाटते. त्यांचा लेख इतका भरगच्च असतो की पुस्तक वाचल्याचं समाधान लेखातच मिळून जातं. सतीश काळसेकरांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ याच्या उलट्या टोकाला आहे. ‘आपले वाङ्मयवृत्त’ या मासिकातल्या सदराचं ते पुस्तक. त्याला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काळसेकर पुस्तकाचं सार सांगत बसत नाहीत. पुस्तक कुठे मिळालं, कोणी सुचवलं, त्यावरून दुसरं कोणतं आठवलं, कोणता अनियतकालिकाचा जुना अंक पुन्हा काढला, असं ते बोलत जातात. रोजनिशी हा घाट त्यांनी विचार करून निवडला असणार, कारण रोजनिशीत निष्कर्ष काढण्याची सक्ती नसते. वाचणारा माणूस दिसतो, आणि त्याच्यामुळे पुस्तक हवंसं वाटतं. निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ याच वाटेवरचं. रहस्यकथा आणि विज्ञान यांना एका पंगतीत बसवण्याचा त्यातला दिलदारपणा आपल्याकडे विरळा.

नियतकालिकांनीही या बोलण्याला घर दिलं होतं. केशवराव कोठावळे यांनी १९६४मध्ये सुरू केलेल्या ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावानं सदर लिहीत. वसंत सरवट्यांनी त्याला हातोडा घेतलेलं रूप दिलं. साहित्यिकांची यथेच्छ टिंगल तिथे चाले आणि ज्यांची टिंगल व्हायची तेही ती आवडीनं वाचत. पुस्तकाविषयी जाहीरपणे नाक मुरडता येतं आणि त्यानं आभाळ कोसळत नाही, हे मराठी वाचकाला त्या सदरानं शिकवलं.

आता आजचं चित्र बघू. समूहांवरच्या पोस्टी ओळीनं वाचल्या की त्यातली शब्दकळा पाठ होते. पुस्तक ‘खाली ठेववत नाही’, ते ‘एका बैठकीत वाचून काढलं’ जातं, ‘अंतर्मुख करतं’, ‘अंगावर काटा आणतं’ आणि शेवटी ‘संग्रही असावं असं’ ठरतं. ही विशेषणं शेतकऱ्याच्या आत्मकथनाला चालतात, युद्धकथेला चालतात आणि ललित निबंधांनाही चालतात. पुस्तकाचं नाव झाकलं तर पोस्ट कशाविषयी आहे ते ओळखता येणार नाही. सोबतच्या फोटोत चहाचा कप, चाफ्याचं फूल आणि मुखपृष्ठ. पुस्तकातल्या एखाद्या पात्रानं कुठे फसवलं, कोणत्या प्रकरणात लेखकाचा हात सैल पडला, कोणता संवाद दोनदा वाचावा लागला, यातलं काहीच नाही.

याचा दोष वाचकांच्या आळसावर ढकलणं सोपं आहे. मला त्याचं कारण आपल्या साहित्यव्यवहाराच्या आकारात दिसतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-पाचशे प्रतींची. ज्या गटात आपण पुस्तकाविषयी लिहितो त्याच गटात लेखक असतो, प्रकाशक असतो, मुखपृष्ठ करणारा असतो आणि प्रत भेट देणारा मित्रही असतो. गाजत असलेली कादंबरी ऐंशीव्या पानावर सोडून दिली असं अशा गटात एखादीनं लिहिलं तर काय होतं ते पाहा. आधी बराच वेळ कोणी काही बोलत नाही. मग एक जण ‘पुस्तक समजायला परिपक्वता लागते’ असा टोला देतो. मग स्वतः लेखक हात जोडल्याचं चिन्ह टाकून ‘आपल्या प्रांजळ मताचा आदर आहे’ असं लिहितो, आणि लिहिणारीला अपराधी वाटू लागतं. पुढच्या पुस्तकाच्या वेळी तीही ‘अंतर्मुख करणारं’ असं लिहून मोकळी होते. भिडेपोटी घडणारा हा व्यवहार आहे. त्यात लबाडी कमी आणि संकोच जास्त असतो.

एका बाजूला मात्र ही भीड गळून पडते. इंग्रजी पुस्तकांवर मराठीत लिहिताना हाच वाचक बेधडक होतो. ‘लोकसत्ता’चं इंग्रजी पुस्तकांना वाहिलेलं ‘बुकमार्क’ हे पान किंवा तळवलकरांचे लेख वाचताना हे जाणवतं. लंडनमधला कादंबरीकार आपल्या साहित्य संमेलनात समोर येऊन बसणार नसतो. म्हणजे मोकळेपणानं बोलायची ताकद आपल्यात आहे, फक्त ती घरच्यांसमोर वापरायची नाही असा अलिखित करार झाला आहे. काळसेकरांचं मोल इथे कळतं. ते जवळच्यांच्या पुस्तकांविषयी बोलत होते.

भिडेच्या जोडीला प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. हौसेनं वाचलेलं सगळंच आपण सांगत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. पण ते क्रमिक पुस्तकात दडवून वाचायचे आणि चारचौघांत नाव घ्यायचं ते खांडेकरांचं, ही रीत पुष्कळ घरांत होती. गुरुनाथ नाईक, नारायण धारप, सुहास शिरवळकर यांच्या वाचकांचीही हीच तऱ्हा. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३मध्ये चित्रपट आला, तेव्हा कुठे आपल्या तारुण्यातलं ते आवडतं पुस्तक असल्याचं कित्येकांनी उघडपणे सांगितलं. आजही मुलाखतींत आवडत्या पुस्तकाचं नाव विचारलं की ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ आणि ‘श्यामची आई’ या तीन चलनी नाण्यांपैकी एक पुढे येतं. ही पुस्तकं मोठी आहेत यात वाद नाही. पण परवा रात्री दीडपर्यंत जागवलं ते दुसऱ्याच कोणीतरी, आणि ते नाव गुलदस्त्यात राहतं. ऐकून संपवलेल्या कादंबरीला ‘वाचली’ म्हणावं की नाही, या संकोचानं श्राव्य पुस्तकांविषयीही असंच मौन पाळलं जातं.

सरकारी आणि संस्थात्मक उत्सवांनी या मौनावर उपाय काढलेला नाही. २०२४च्या पुणे महोत्सवाआधी ‘शांतता… पुणेकर वाचत आहेत’ हा उपक्रम झाला. तेंडुलकरांच्या नाटकाच्या नावावर केलेली ही कोटी खुसखुशीत होती. शहर ठरलेल्या वेळी एकदम वाचायला बसलं, फोटो सगळीकडे फिरले. बंगळुरूच्या कब्बन पार्कमधून निघालेली बागेत बसून मूकपणे वाचण्याची पद्धतही मुंबई-पुण्यात रुजली आहे. अशा बैठकांचं मला कौतुक आहे. अनोळखी माणसांच्या सोबतीनं वाचण्याला धीर लागतो, आणि तिथे कोणी पुस्तकाची पत विचारत नाही. पण उत्सवांचा सगळा भर वाचन दिसण्यावर आहे. शांततेच्या त्या तासानंतर ‘मग काय वाचलंत?’ असा गलका झाला असता तर उपक्रम पुरा झाला असता.

ही कला आज कुठे तग धरून असेल तर ती गाजावाजा नसलेल्या जागी. जुन्या सार्वजनिक वाचनालयातली एखादी रहस्यकथा काढून पाहा. शेवटच्या पानाला डकवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के एकाखाली एक आलेले असतात. पूर्वी आठवड्याला एक शिक्का पडे, आता दोन शिक्क्यांत वर्षं जातात. आत समासात पेन्सिलीनं ‘भंपक!’, त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात ‘तुम्हाला कळलं नाही’, आणि पहिल्याच पानावर एखाद्या दुष्टानं लिहून ठेवलेलं खुन्याचं नाव. वाचनालयाच्या नियमांत हे बसत नाही. पण मराठी वाचकांनी एकमेकांना बिनधास्त सांगितलेलं जेवढं त्या समासांत सापडतं तेवढं कौतुकाच्या शंभर पोस्टींत सापडणार नाही. काउंटरमागची बाई किंवा गृहस्थही या कलेचे वाकबगार. ‘हे नको, तुम्हाला झेपायचं नाही, ते घ्या, काल परत आलंय’ असं चेहऱ्याकडे बघून सांगणारी माणसं अजून आहेत. १९६७च्या कायद्यानं राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. त्यांतल्या कित्येक ठिकाणी आज अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेली आणि कादंबऱ्यांची कपाटं निवांत असतात. ती मुलं तिथे यावीत यात वावगं काही नाही. मात्र त्यांतल्या एकाला कोणी संध्याकाळी ‘हे घेऊन जा रे, परीक्षेत येणार नाही’ असं म्हणून एखादी कादंबरी हातात ठेवली पाहिजे.

नाशिकहून विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे चालवलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पद्धतही याच कारणानं विचार करण्यासारखी आहे. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, काही महिने तिथे राहते, मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. दुबईसारख्या शहरांतल्या मराठी घरांपर्यंत या पेट्या गेल्या. पेटी मर्यादित असते, म्हणून गटातले सगळे तीच पुस्तकं वाचतात आणि वाद घालायला समान विषय मिळतो. समाजमाध्यमावर जो तो वेगळं पुस्तक दाखवतो. बघणाऱ्यानं ते वाचलेलंच नसतं, मग तो अंगठा दाखवण्यापलीकडे काय करणार?

तेव्हा या कलेला मोहिमांपेक्षा वेगळ्या वळणाची गरज आहे. मासिकांनी आणि रविवारच्या पुरवण्यांनी एक पान अर्धवट सोडलेल्या पुस्तकांसाठी ठेवावं, आणि कोणत्या पानावर व का सोडलं ते तिथे छापावं. वाचक गटांनी एक महिना विशेषणांवर बंदी घालून पाहावी, प्रत्येकानं एकच प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावा. लेखकांनीही अशा चर्चेत हात जोडायला येऊ नये. आपलं पुस्तक कोणाला तरी कंटाळवाणं वाटलं याचा अर्थ ते कोणीतरी खरोखर उघडलं, एवढं समाधान त्यांना पुरावं. मराठीत पुस्तकांचं कौतुक करणारे ढिगानं आहेत. शंभराव्या पानावर असताना लेखकाशी चाललेलं भांडण मित्राला फोन करून सांगणारे वाढले, तर त्या मित्राच्या हातात पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक असेल, आणि ‘खाली ठेववत नाही’ असं छापील आश्वासन त्याला कोणी द्यावं लागणार नाही.