बुडत्याच्या डोक्यावर पाणी

'सोल' हा शब्द मी जिन्यात प्रथम उच्चारला तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "नवे बसवलेत का? कोपऱ्यावरचा मोची हल्ली किती घेतो?"

मी म्हणालो, "अहो, सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. चर्चमधलं भजन घ्यायचं आणि त्यात देवाच्या जागी बाई घालायची. झालं सोल."

"असं होय! मग आपलं उलटं आहे," ते म्हणाले. "आपण सिनेमातली चाल घेतो आणि तीत गणपती घालतो."

सोलबद्दलची इतकी नेमकी टीका मी पुढे कुठेही वाचली नाही.

या नादाचं मूळ माझा भाचा. २००३ साली तो अमेरिकेहून आला तो माझ्यासाठी चार छोट्या रेकॉर्डी घेऊन. इतर मामांना शर्ट मिळाले. गाणारा जेम्स कार, गाव मेंफिस, कंपनी गोल्डवॅक्स. यांतलं एकही नाव मी ऐकलेलं नव्हतं. शिवाय या रेकॉर्डींच्या मधोमध लहान मुलाच्या बांगडीएवढं भोक. आमचं यंत्र नाट्यसंगीतावर वाढलेलं, त्याची मधली खुंटी पेन्सिलीएवढी. पण मराठी माणूस भोकाला भीत नाही. मी शाईच्या दौतीचं झाकण घेतलं, खिळ्याने त्याला मध्यावर छिद्र पाडलं, ते त्या भोकात ठोकून बसवलं आणि सुई टेकवली.

आवाज आला आणि मी गारच झालो. काय तो कंप! सूर वर जायचा, ढळायचा, पुन्हा सावरायचा. माणूस आतून फुटतो आहे असं वाटे. त्यातच भाच्याने कारची कहाणी सांगितली. मनाच्या आजाराने तो आयुष्यभर गांजलेला होता. १९७९ साली जपानच्या दौऱ्यात तो मंचावर नुसता थिजून उभा राहिला. २००१ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. मग काय विचारता! दर रविवारी मी चार मित्रांना बोलावून, डोळे मिटून सांगू लागलो, "ऐका, वेदनेचा कंप ऐका!" मित्र चहापोह्यांच्या बदल्यात वेदना ऐकत.

पुढे चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका दुकानात मला प्लास्टिकची एक चकती मिळाली. खास याच भोकात बसणारी. घरी आणून लावली, आणि कंप गेला! साफ गेला. वेदना जेम्स कारची नव्हतीच, दौतीच्या झाकणाची होती. माझा खिळा मध्यावरून जरा सरकलेला, त्यामुळे तबकडी लंगडत होती. सहा महिने मी एका निरोगी सुराला आजारी म्हणत आलो होतो.

त्या दिवशी पहिल्यांदा हा माणूस मी सरळ ऐकला, आणि आपण किती मोठा गवई झाकणाखाली दडपला होता ते कळलं.

'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' हे १९६७ सालचं त्याचं गाणं घ्या. विषय चोरट्या प्रेमाचा. दोघांची लग्नं दुसरीकडे झालेली, भेट गल्लीच्या अंधाऱ्या टोकाला. गाणं संपायला तीन मिनिटंही लागत नाहीत. एवढ्या ऐवजावर दुसरा कोणी ऊर बडवला असता. कार खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा सुरू होतो. शेजारी उठतील अशी त्यालाच भीती. एक ना एक दिवस लोक आपल्याला पकडणार, या ठिकाणी तो आवाज चढवतो, पण चढवून सोडून देत नाही, तिथेच धरून ठेवतो. फुटेल फुटेल म्हणता फुटत नाही. ज्याचं मन ताब्यात नाही म्हणून आपण हळहळतो त्याचा गळा किती ताब्यात आहे! त्या काळी ओटिस रेडिंगशी त्याची तुलना होई. रेडिंग मोठाच, पण तो दार ठोठावतो, हा दाराशी उभा राहतो. मला दुसरा जास्त छळतो.

बरं, हे दुःख त्याचं स्वतःचं म्हणावं, तर गाणं लिहिलं चिप्स मोमन आणि डॅन पेन या दोघांनी, नॅशव्हिलच्या एका हॉटेलात, पत्त्यांचा डाव थांबवून अर्ध्या तासात, असं सांगतात. त्याआधीच्या, १९६६ सालच्या गाण्याच्या नावाचा अर्थ 'तू माझ्या डोक्याचा पार गोंधळ केलास'. आजाराच्या भक्तांना आणखी काय हवं? पण तेही ओ. बी. मॅक्लिंटन नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाचं. तिसऱ्याचं नाव 'बुडत्याच्या अंगावर पाणी ओतणं'. आपल्याकडे बुडत्याचा पाय खोलात जातो, तिथे वरून पाणीही ओततात. आणि एवढ्या करुण नावाचं हे गाणं ऐकताना पाय ठेका धरतात. आमच्या मुलाने त्यावर नाचूनही घेतलं.

ही गोल्डवॅक्स कंपनीही मजेची. मालक दोघे. क्विंटन क्लॉन्च पूर्वी गिटार वाजवी आणि पोटासाठी हार्डवेअर विके. 'डॉक' रसेल औषधवाला. त्यांच्याकडे कारला नेणारा रूझवेल्ट जेमिसन रक्तपेढीत नोकरीला. म्हणजे खिळे, गोळ्या आणि रक्त. या भांडवलावर त्यांनी काढलेलं 'डोक्याचा गोंधळ' कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत सातवं आलं, 'अंधारं टोक' दहावं. पुढे ते अंधारं टोक अनेकांनी गायलं, १९९१ साली सिनेमातही गेलं. गाणं उजेडात आलं, गवई टोकालाच राहिला.

रेकॉर्डींवरचे नंबर पाहावेत: ३०२, ३११, ३१७. दोन वर्षांतच किती पीक! १९६९ नंतर कंपनी मिटली, आजार बळावला, आणि १९७१ साली एक रेकॉर्ड, १९७७ साली एक. मधे शांतता.

इथे मला आमचे अप्पाकाका आठवतात. गुरुवारच्या भजनात ते गात. पुढे त्यांना असाच आजार झाला, दोनदा इस्पितळात राहून आले. गावात म्हणत, "डोकं फिरल्यापासून आवाजाला काय धार आलीय!" आई हे एकदाच ऐकून घेऊन म्हणाली, "आजारी पडल्यापासून भावजी गायलेत किती वेळा? मी मोजलंय. दोनदा. आणि दोन्ही वेळा त्या दिवशी त्यांना बरं होतं."

आईने सोल ऐकलं नव्हतं. पण कारचा आजार शोधायचा तर तो रेकॉर्डींत नाही, न निघालेल्या रेकॉर्डींत आहे, हे मला तिच्या त्या मोजणीमुळे कळलं. एरवी मीही लंगडी तबकडी लावून डोळे मिटत बसलो असतो.

भाच्याने पुढे १९९१ साली निघालेल्या संग्रहाची सीडी पाठवली. आवाज उतरलेला आहे. थोर वगैरे म्हणणार नाही. पण एक-दोन ठिकाणी तोच जुना संयम दिसतो, आणि तिथे मी डोळे उघडेच ठेवतो.

चकती आणल्यावर पुढच्या रविवारी मी मित्रांना बोलावून सगळा प्रकार कबूल केला आणि 'अंधारं टोक' नीट लावून ऐकवलं. संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण पहिलं जास्त दर्दभरं होतं. ते झाकण टाकलंस का रे?"