डाव कोणाचा? अबूच्या वानरांवरील एका ग्रंथाविषयी

मागच्या व्याख्यानात आपण टिनबर्गेन यांच्यापाशी थांबलो होतो. प्राणी असा का वागतो, या एका ‘का’मधून त्यांनी १९६३ साली चार प्रश्न वेगळे काढले. वर्तन आत्ता कशाने घडते? त्या प्राण्याच्या वाढीत ते कसे आले? त्याचा जगण्या-वंशवाढीला उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ते कसे उत्क्रांत झाले? आज हीच कसोटी आपण एका ग्रंथाला लावू. सारा ब्लॅफर हर्डी यांचा ‘द लंगूर्स ऑफ अबू’, १९७७.

लंगूर म्हणजे आपले काळतोंडे वानर. माकड नव्हे, मराठीने हा भेद जपला आहे, आपणही जपू.

नवा हुप्प्या टोळीतल्या जुन्या नराला हुसकून लावतो आणि मग माद्यांच्या उराशी बिलगलेली पिल्ले मारली जातात. धारवाडच्या परिसरात युकिमारू सुगियामा यांनी हे १९६०च्या दशकात नोंदवलं. त्याआधी फिलिस जे यांच्या अभ्यासातून टोळीचं चित्र पुढे आलं होतं ते बरंचसं शांततेचं. त्यामुळे पुष्कळांनी ही विकृती ठरवली: गर्दी वाढली, माणसाचा शेजार आला, वागणं बिघडलं. हर्डी अबूला गेल्या त्या गर्दीचाच संशय घेऊन, आणि तो सोडून परतल्या. अंगावर पिणारं पिल्लू आहे तोवर मादी सहसा माजावर येत नाही. ते गेलं की लवकर येते. टोळीवरचा ताबा फार काळ टिकत नाही. तेव्हा परक्याचं पिल्लू मारणाऱ्या नराची संतती जास्त उरते, असा त्यांचा युक्तिवाद.

ग्रंथाचं खरं मोल आम्हांला माद्यांच्या प्रकरणांत वाटतं. गाभण मादीही नव्या नराशी संग करते, म्हणजे पितृत्वाचा घोळ होतो. म्हाताऱ्या माद्या दुसरीच्या पिलासाठी हुप्प्याच्या अंगावर धावून जातात. मादी म्हणजे नरांच्या झुंजीतलं बक्षीस, ही समजूत इथे मोडते.

आक्षेप आहे तो उपशीर्षकातल्या ‘स्ट्रॅटेजी’ या शब्दावर. डाव म्हटला की डाव टाकणारा आला. हुप्प्याला ना पितृत्व कळतं, ना हिशेब. निवडीला त्याची गरजही नाही. हर्डींना हे माहीत आहेच. पण शब्द वाचकाच्या मनात आपलं काम करतो, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याचं म्हणून खपून जातं. माडगूळकरांनी वानरांवरच्या कादंबरीला ‘सत्तांतर’ म्हटलं. कादंबरीकाराला ती मोकळीक आहे. शास्त्राला प्रत्येक रूपकाचा हिशेब द्यावा लागतो.

शिवाय, उपयोग होतो म्हणजे त्या उपयोगासाठीच घडलं, असं नव्हे ना? प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या हत्या थोड्या, बाकी अनुमान, हा टीकाकारांचा मुद्दा त्या काळी रास्तच होता. नर स्वतःचीच पिल्ले मारताना सापडते, तर सिद्धांत कोसळला असता. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचा निष्कर्ष आला. विष्ठेतल्या डीएनएवरून दिसलं की हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते. पारडं हर्डींकडे झुकलं, आणि ते योग्यच झालं.

तरी दोन्हीकडची घाई आम्हांला खटकते. कुणी म्हणतो, निसर्गातच आहे, मग माणसाला काय दोष द्यायचा! दुसरा त्याच भीतीने पुरावाच नाकारतो. स्पष्टीकरणालाच निवाडा समजण्याची चूक दोघांची एकच. पाजणाऱ्या आईची धडपडही त्याच निसर्गातली आहे, ती मात्र दाखला म्हणून कुणी देत नाही.

पहिला प्रश्न राहतोच. संग केलेल्या मादीच्या पिलाला नर सहसा इजा करत नाही. मग तो ओळखतो ते काय: ती मादी, तिचा वास, की नुसता सहवास? पुढच्या वेळी आपण इथूनच सुरुवात करू.